धुतलेला पुरावा

दुपारी ठकी झोपली की आमचं घर पाण्याखाली गेल्यासारखं होतं. खालच्या यंत्रांची घरघर जमिनीतून वर येते, पलंगाच्या पायांतून चढते आणि तिच्या पोटापर्यंत पोचते. तिचा श्वास हळूहळू त्या घरघरीला धरून चालू लागतो. मी तिच्या कुशीला आडवी होते. डोळे मिटले की चादरी दिसतात. पांढऱ्या, ओल्या, एकामागे एक टांगलेल्या. त्यांच्या पलीकडून कुणीतरी चालत असतं, आणि चादरींच्या खालून फक्त पावलं दिसतात. ती पावलं मला ओळखता येतात. माझ्या सासूबाईंची.

खाली लाँड्री, वर आम्ही. पुढच्या खोलीत धुण्याची यंत्रं आणि इस्त्रीचं लांबलचक टेबल, मागे वाळवणखोली. म्हणजे होती. आता तिथे चार काळ्या भिंती, काळं छत आणि मधोमध कपडे गरम हवेत फिरवून वाळवायचा मोठा जळका पिंप. त्याला हात लावायचा नाही असं आमच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, म्हणून तो तसाच उभा. ठकी त्याला ‘भू’ म्हणते.

ठकी आणि आमचा दावा, दोघंही एकाच वयाचे. आग लागली तेव्हा ती पोटात होती. ती पालथी पडायला लागली तेव्हा विमा कंपनीनं नाही म्हणून कळवलं, ती रांगायला लागली तेव्हा आम्ही कोर्टात गेलो, आणि ती आता जिना चढते, धरून धरून, तेव्हा निकाल लागला. आम्ही जिंकलो. पण घरात कुणी पेढा आणल्यासारखं तोंड केलं नाही, कारण खर्चाचं अजून ठरायचं होतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. ठकीनं गाजराचा लगदा स्वतः कमी खाल्ला आणि लाळेऱ्याला जास्त भरवला. आईंनी (मी सासूबाईंना आईच म्हणते) लाळेरं तिच्या गळ्यातून सोडवलं, दोन बोटांत धरलं आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“हे धुऊ का गं?”

“धुवा की आई. विचारताय काय?”

“नाही, म्हटलं… कुणाला दाखवायचं-बिखवायचं नाही ना?”

मी खुदकन हसले. मग त्यांच्याकडे पाहिलं. त्या विनोद करत नव्हत्या. सबंध हयात ज्यांनी दुसऱ्यांचे डाग काढले, त्यांना दोन वर्षांत एका लाळेऱ्याची परवानगी मागायची सवय लागली होती. आणि माझ्या ते आत्ता लक्षात येत होतं.

त्याचं मूळ त्या आगीत आहे.

भर दुपारी वाळवणखोलीतून धूर आला. बाहेर पडायला सगळ्यांना वेळ मिळाला, तेवढं नशीब. बंबवाल्यांनी पाणी मारलं, आणि आतले कपडे ओढून मागच्या अंगणात टाकले. गावाबाहेरच्या लॉजच्या चादरी, एका उपाहारगृहातल्या आचाऱ्यांचे कोट, शाळेचे पडदे. सगळं काजळीनं माखलेलं आणि चिंब. संध्याकाळी कंपनीचा सर्व्हेअर आला. नाकाला रुमाल लावून दारातूनच त्यानं पाहिलं आणि म्हणाला, “कशालाही हात लावू नका. उद्या सविस्तर बघतो.”

उद्या आला नाही. परवा आला नाही. तेरवा आईंनी त्या ढिगाभोवती तीन-चारदा चकरा मारल्या. मी वरून खिडकीतून बघत होते. पोटावर हात ठेवून. आजारी माणसाच्या खाटेभोवती फिरावं तशा त्या फिरत होत्या. ओल्या कपड्याला वास लागायला वेळ लागत नाही, आणि काजळी धाग्यात बसली की बसली. शिवाय कपडे आमचे नव्हतेच, लोकांचे होते. लॉजवाला रोज माणूस पाठवून विचारत होता.

शेवटी एका सकाळी मला खालून ओळखीचा आवाज आला. नळाचा. आईंनी पदर खोचला होता.

त्या कितीतरी दिवस धूत होत्या. पुढच्या खोलीतली यंत्रं शाबूत होती, पण पहिली काजळी यंत्रानं निघत नाही, हातानंच काढावी लागते. भिजवायचं, पिळायचं, काळं पाणी सोडायचं, पुन्हा भिजवायचं. अंगणातून नाल्यात काळं पाणी जायचं, मग करडं, मग दुधासारखं. मला त्या दिवसांत सारखी झोप यायची आणि झोपेत ते पाणी यायचं. वाटायचं की आगच धुऊन काढताहेत त्या, झाली नव्हती अशी करताहेत.

मग सर्व्हेअर आला. आईंनी त्याला टेबलाशी नेलं. टेबलावर चादरींच्या चळती होत्या, काठाला काठ लावलेल्या. आचाऱ्यांचे कोट बटणं लावून घडी केलेले. आई कौतुकानं म्हणाल्या, “बघा साहेब. एक डाग राहिला नाही.”

त्या माणसानं बॅग खुर्चीवर ठेवली आणि स्वतः त्या बॅगेवरच बसला.

पुढचं थोडक्यात सांगते. काजळी कपड्यांवर कशी चढली होती, कुठे दाट, कुठे विरळ, त्यावरून आग कुठून सुरू झाली हे कळलं असतं. कंपनीचं म्हणणं, आग पिंपातून लागली, तिथं साठणारा कापसासारखा कचरा आम्ही काढला नव्हता, म्हणून पैसे नाहीत. आमचं म्हणणं, कचरा रोज निघत होता, आग भिंतीतल्या वायरीतून लागली. आणि ज्या कपड्यांनी बोट दाखवून हे सांगितलं असतं, ते शुभ्र होऊन टेबलावर पडले होते.

म्हणून आगीचा तज्ज्ञ आणावा लागला. किडकिडीत माणूस. भिंतीला गाल लावायचा, जळक्या वायरींचे तुकडे भिंगातून बघायचा, पिंपाच्या आत डोकं घालून तास-तास बसायचा. कामाला पक्का, आणि फी अशी की आकडा ऐकून नवऱ्यानं आधी खुर्ची ओढली. पण त्याच्यामुळेच कोर्टाला पटलं. वायरच.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यावर वकीलबाईंनी आम्हाला थांबवलं. त्या हुशार, चटपटीत, आणि सदा घाईत. त्यांच्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्यावर डाव्या बाजूला शाईचा एक डाग होता, वाटाण्याएवढा. पहिल्या तारखेपासून तो तिथेच होता. आई त्यांच्याशी बोलताना त्या डागाशी बोलायच्या.

“हे बघा,” वकीलबाई म्हणाल्या, “साधारण रीत अशी, की हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा. माझी फी, तज्ज्ञाची फी, कोर्टाची फी, सगळं. पण जिंकणाऱ्याच्या वागण्यानंच भांडण वाढलं असं न्यायाधीशांना वाटलं, तर ते म्हणू शकतात, ज्याचं त्यानं बघा. पुढच्या तारखेला तेवढंच ठरायचंय.”

“आणि ज्याचं त्यानं झालं तर?” नवऱ्यानं विचारलं.

“तर विम्याच्या पैशातून आमचे सगळ्यांचे भागवून तुम्हाला काय उरेल… रंगाचे डबे येतील. पिंप येणार नाही.”

पिंपाशिवाय लाँड्री म्हणजे नुसतं भिजवून ठेवणं. कपडे ओले परत देणार कुणाला? दोन वर्षं आम्ही गच्चीवर दोऱ्या बांधून कसंबसं रेटलं होतं. लॉजवाला केव्हाच दुसरीकडे गेला होता.

नवऱ्यानं कधीतरी, तज्ज्ञाची फी कळली त्या दिवशी, एक वाक्य बोलून टाकलं होतं. “आई, तू धुतलंच नसतंस तर एवढं लांबलंच नसतं.” ओरडून नाही. थकून. ओरडला असता तर आईंनी दोन ऐकवल्या असत्या आणि विषय मिटला असता. थकून बोलला म्हणून ते वाक्य घरातच राहिलं, जेवताना पाटाशेजारी बसायला लागलं.

 निकालाच्या दुसऱ्या दिवशी आई ठकीला मांडीवर जोजवता जोजवता मला हळूच म्हणाल्या, “इस्पितळाच्या धुलाईखात्यात बोलून आलेय मी. बाई हवीय त्यांना. खर्च आपल्यावर आला तर एक तारखेपासून जाईन.”

“दिवसभर?”

“सकाळी सात ते संध्याकाळी सात. फिटेपर्यंत.”

“फिटेपर्यंत म्हणजे आई, ठकी शाळेत जाईल तोवर!”

“जाऊ दे की. शाळेत जाणार, सासरी थोडीच जाणार आहे.”

 ठकी त्यांच्या मांडीवर होती, त्यांच्या साडीचा काठ मुठीत धरून. तो काठ धरल्याशिवाय तिला झोप लागत नाही. आई नसताना मी तो काठ देऊन बघितलाय, नुसती साडी. ती वास घेते आणि फसत नाही.

“याला सांगू नकोस,” आई म्हणाल्या. याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. “मी धुतलंय, मी बघेन.”

त्या रात्री नाही, पहाटे, ठकीला पाजता पाजता मला एक स्वप्न पडलं. कोर्टाची खोली वाफेनं भरली होती. न्यायाधीश इस्त्रीच्या टेबलामागे बसले होते आणि प्रत्येक जण आपापलं गाठोडं घेऊन रांगेत उभा होता. न्यायाधीश गाठोडं उघडायचे, कपडा उजेडात धरायचे, आणि मालकाचं नाव सांगायचे. आईंचं गाठोडं सगळ्यांत मोठं होतं. ते उघडण्याआधीच मला जाग आली. ठकी माझ्या अंगावर झोपली होती आणि खिडकीत नुकतं तांबडं फुटत होतं. गच्चीवरच्या दोऱ्या रिकाम्या हलत होत्या.

खर्चाच्या तारखेला आम्ही सगळे गेलो. ठकीला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तीही. सुदैवानं ती रिक्षातच झोपली, आणि आईंनी तिला तशीच मांडीवर घेतली. कोर्टाची खोली स्वप्नातल्याहून लहान होती. पंखा मान डोलवत फिरत होता. न्यायाधीशांना सर्दी झाली होती, ते सारखी गोळी चघळत होते.

कंपनीचे वकील उंच, गोड बोलणारे. उभे राहिले आणि आधी आमच्याकडे बघून सहानुभूतीनं मान हलवली. मला तेव्हाच धाकधूक वाटली.

“या कुटुंबाबद्दल आम्हाला आदर आहे,” ते म्हणाले. “पण साहेब, हे भांडण दोन वर्षं चाललं, ते का? एक नळ आणि एक साबणाची वडी, यांमुळे. सर्व्हेअरनं स्पष्ट सांगितलं होतं, हात लावू नका. कपडे होते तसे असते, तर आम्ही आठ दिवसांत मान्य केलं असतं. मग खर्च आमच्या माथी कशाला?”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, साबणाच्या वडीला. आईंनी ठकीच्या पायातला बूट काढला आणि पुन्हा घातला.

आमच्या वकीलबाई उभ्या राहिल्या. “आठ दिवसांत मान्य केलं असतं म्हणतात. साहेब, आमच्या तज्ज्ञानं वायरींचे तुकडे दाखवले, त्यानंतरही यांनी मान्य केलं नाही. यांनीच तपासायला पाठवलेल्या माणसानं वायर सदोष म्हणून लिहून दिलं, त्यानंतरही नाही. शेवटपर्यंत भांडले. मग कपड्यांनीच यांचं मन वळलं असतं, हे कशावरून?”

न्यायाधीशांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. कंपनीच्या वकिलांना विचारलं, “तुमचे सर्व्हेअर ‘उद्या येतो’ म्हणाले. परत केव्हा गेले?”

वकिलांनी कागद चाळले. पुन्हा चाळले. “तीनेक आठवड्यांनी, साहेब. त्या भागात काम जास्त होतं.”

“तोवर त्या ओल्या कपड्यांनी काय करावं अशी अपेक्षा होती?”

“त्यांनी… थांबावं, साहेब.”

या वेळी हशा जरा मोठा झाला. मला वाटलं, सुटलो. नवऱ्यानं माझ्या दंडाला हात लावला. तेवढ्यात न्यायाधीश आमच्या बाजूला वळले.

“पण वकीलबाई, फोन होता ना यांच्याकडे? धुण्याआधी कंपनीला एक फोन करता आला असता. निदान दोन कपडे बाजूला ठेवता आले असते.”

वकीलबाईंनी हातातली फाइल मिटली. “आले असते, साहेब. हे मी नाकारत नाही.”

मी आईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली नाही. फक्त ऐकत होत्या, आपल्याबद्दलचं काहीतरी पहिल्यांदाच नीट सांगितलं जातंय तसं. मला जाणवलं, की दोन वर्षांत त्यांच्याशी त्याबद्दल कुणी बोललंच नव्हतं. नवऱ्याचं ते एक वाक्य सोडून. आम्ही सांभाळून घेत होतो. सांभाळून घेता घेता आम्ही त्यांना त्या चुकीबरोबर एकटंच कोंडून ठेवलं होतं.

न्यायाधीशांनी थोडा वेळ लिहिलं. पंखा दोनदा इकडून तिकडे गेला. मग त्यांनी वाचलं, सर्दीच्या आवाजात, घाई न करता. दाव्याचा खर्च कंपनीनं द्यावा. वकिलाची फी, कोर्टाची फी, येण्याजाण्याचा खर्च. कंपनीनं वेळेवर पाहणी केली नाही, आणि खरं समोर आल्यावरही वाद सोडला नाही. मात्र कपडे धुतले गेल्यामुळे तज्ज्ञाचं काम वाढलं, हेही खरं. सबब तज्ज्ञाच्या फीचा अर्धा भाग दावा करणाऱ्यांनी स्वतः सोसावा.

आई माझ्या कानाशी आल्या. “काय म्हणाले?”

“कंपनी देणार, आई. तज्ज्ञाची अर्धी फी तेवढी आपण.”

“अर्धी? कशाची अर्धी?”

“तज्ज्ञाच्या फीची. बाकीचं सगळं त्यांच्यावर.”

“सगळं?”

“सगळं.”

 आईंनी ठकीच्या अंगावरून एक हात काढून हवेत माप दाखवलं, गिऱ्हाईक कापड सांगताना दाखवतं तसं, अंगठा आणि बोटं ताणून.

“म्हणजे माझी चूक एवढी होती. रुमालाएवढी.”

“हो आई.”

“मी आपली डबल पलंगाची चादर समजून बसले होते गं.”

आणि कोर्टात, सर्दीवाल्या न्यायाधीशांसमोर, माझ्या सासूबाई पदरात तोंड घालून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसतच होत्या. मांडी हलली म्हणून ठकी जागी झाली आणि तिनंही हसून घेतलं, उगीच.

बाहेरच्या व्हरांड्यात नवरा आईंसमोर उभा राहिला. लहान असताना काच फोडल्यावर कसा उभा राहत असेल, ते मला तेव्हा दिसलं.

“आई, ते मी तेव्हा जे बोललो…”

“बोललास ते अर्धं खरं होतं,” आई म्हणाल्या. “कोर्टानंच सांगितलंय.”

“अगं, पण ती अर्धी फी आपण विम्याच्या पैशातून देऊ. तू काही मनाला लावून घेऊ नकोस.”

“विम्याच्या पैशातून वाळवणखोली होईल. मी इस्पितळात सकाळच्या पाळीला जाईन, तेवढं फिटेपर्यंत. ठकीच्या दुपारच्या झोपेच्या आत घरी.”

“इस्पितळात? कुठल्या इस्पितळात? तुला कुणी सांगितलं…” त्यानं माझ्याकडे बघितलं. मी ठकीचा बूट बघायला लागले.

“माझं माप निघालंय,” आई म्हणाल्या. “त्यात तू हात घालू नकोस. माझा रुमाल मी धुते.”

वकीलबाई फाइली छातीशी धरून आल्या, पुढच्या कामाच्या घाईत. “अभिनंदन! तज्ज्ञांचं हप्त्यानं चालेल म्हणालेत, मी बोलले. आणि हो, तो जळका पिंप आता हलवा बरं का. पुरावा म्हणून ठेवायची गरज संपली.”

आई त्यांच्याकडे बघत होत्या. म्हणजे त्यांच्या गळ्याकडे.

“काढा तो,” आई म्हणाल्या.

“हो, पिंप काढाच.”

“पिंप नाही हो. हा पट्टा.” त्यांनी हात पुढे केला. “पहिल्या तारखेपासून बघतेय मी. तुम्हाला आरशात दिसत नाही का हा?”

वकीलबाईंनी हनुवटी खाली करून बघायचा प्रयत्न केला. दिसणार कसा? “अहो, पण मला आत्ता दुसऱ्या कोर्टात उभं राहायचंय!”

“मग संध्याकाळी सुनेला पाठवते न्यायला. विसरलात तर मी स्वतः येईन, तुमच्या अशिलांसमोर मागेन.”

“मागतील,” मी म्हणाले. “खरंच मागतील.”

वकीलबाई हसल्या. मग बॅगेतून दुसरा पट्टा काढून त्यांनी तिथल्या तिथे बदलला, आणि डागाचा पट्टा आईंच्या तळहातावर ठेवला. आईंनी तो उजेडाकडे धरला, बोटानं डाग चाचपला. “शाई. जुनी आहे. निघेल, पण वेळ घेईल.” आणि घडी करून कमरेला खोचला. कुणाला काही न विचारता.

घरी येईपर्यंत ऊन कललं होतं. ठकी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली, बादलीत हात घालायच्या बेतानं. तिच्या गळ्यातलं लाळेरं केळ्यानं बरबटलेलं होतं. आईंनी येता येता ते ओढून काढलं आणि पट्ट्याबरोबर पाण्यात टाकलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी जिन्यात बसून राहिले. खालून नळाचा आवाज येत होता. मागे, त्या काळ्या खोलीच्या दारात उभा राहून नवरा पिंपाची रुंदी हातानं मोजत होता, बाहेर काढायचा कसा ते बघत. थोड्या वेळानं गच्चीवरच्या दोरीला दोन गोष्टी शेजारी शेजारी लागल्या, एक लाळेरं आणि एक वकिलाचा पट्टा. वाऱ्यानं दोन्ही एकमेकांकडे वळत होती, जुनी ओळख असल्यासारखी.

“भू,” ठकी खालच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाली.

“गेला भू,” आई म्हणाल्या. “उद्या जाणार.”

आणि काठ तिच्या मुठीत देऊन तिला झोपवायला बसल्या.